बाईंच्या मापाची होडी

महाड ते पोलादपूर या रोजच्या प्रवासासाठी आम्ही बाकीचे शिक्षक एसटीचा महिन्याचा पास काढायचो. बाई पास काढत नसत, कारण एका माणसाला एकच पास मिळतो. त्या रोज तिकीट काढत, आणि तेही दोन. कंडक्टर नवा असला की गंमत व्हायची.

"दुसरं कोणाचं?"

"माझंच."

"मग माणूस कुठाय?"

"हा काय समोर. नीट बघा, दोघांचा ऐवज हाय."

ड्रायव्हरच्या मागचं दोघांचं बाकडं बाईंचं. त्यावर हक्क सांगायची कुणाची हिंमत नव्हती. मात्र गर्दीत कुणी म्हातारी उभी दिसली की बाई तिचं गाठोडं ओढून आपल्या मांडीवर घेत. म्हणत, "बाकडं भरलंय, मांडी मोकळी हाय."

मी शाळेत नवीन लागलो तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी मला हाक मारली, "ओ चित्रकला, इकडं या." मला वाटलं माझं नाव त्यांना माहीत नसेल. नंतर कळलं, त्या सगळ्यांनाच विषयाच्या नावानं हाक मारत. गणित आज रजेवर आहे, संस्कृतचा मुलगा आजारी आहे, असं त्यांचं बोलणं चाले. त्या स्वतः भूगोल शिकवत. पण त्यांना कुणी भूगोल म्हटलेलं चालत नसे. "तशी मी दिसतेच. आणखी म्हणायची गरज नाय."

बाई मूळच्या वरच्या डोंगरातल्या कुडपण गावच्या. वर्गात त्यांचं मराठी अगदी पुस्तकातलं असे, पण राग आला किंवा आनंद झाला की 'नाय' आणि 'हाय' बाहेर पडत. अंगानं त्या थोराड होत्या, उंचीनंही आणि रुंदीनंही. हात तर असे की फळा पुसताना मागच्या बाकावरच्या पोरांना वारा लागावा. अनोळखी खुर्चीवर त्या एकदम कधीच बसत नसत. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची आधी उलटी करत, पाय दाबून बघत, मग सुलटी करून बसत. एकदा शाळेची तपासणी करायला आलेल्या साहेबांनी "बसा ना बाई" म्हटलं, तर बाईंनी त्यांच्यासमोरच खुर्ची उलटी केली. "माफ करा साहेब, आमची अजून ओळख नाय."

आणखी एक खोड म्हणजे त्या नवी वस्तू घेतच नसत. त्यांची स्कूटर जुनी, कपाट जुनं, रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा कुणाकडून तरी घेतलेलं. त्या म्हणत, "नवी वस्तू गोड बोलते, चित्रकला. जुनीचं काय लपवायचं ते लपवून झालेलं असतं."

बाईंना निवृत्त व्हायला वर्षभर उरलं होतं, तेव्हा नववीची सहल समुद्रावर गेली. किनाऱ्यावर एक जण प्लास्टिकच्या छोट्या कयाक भाड्यानं देत होता. वर बसायचं, वल्हं मारायचं आणि एक फेरी मारून परत यायचं. पोरं आळीपाळीनं जाऊन आली. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, लाइफ जॅकेट हातात घेतलं आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तसा तो माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही नको. लिमिट हाय."

"किती?"

"काय?"

"लिमिट. किती किलो?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "ते... म्हणजे तुमच्यासाठी नाय."

पन्नास पोरं बघत होती. बाईंनी जॅकेट वाळूवर ठेवलं, त्याची सुटलेली बक्कलं एकेक करून परत लावली आणि चपला घालून बसकडे चालू लागल्या. सोमवारी प्रार्थनेच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चित्रकला, त्या होडीच्या मागं कंपनीनं आकडा छापलेला होता. मी वाचला. मी बसत होते त्यात. सहा किलो राखून."

"मग तिथंच का नाही सांगितलंत?"

"पोरांसमोर माझं वजन सांगायला लागलं असतं."

त्या दिवसापासून बाई होडीच्या मागे लागल्या. भाड्याच्या त्या कयाकसारखी पाटासारखी होडी त्यांना नको होती. त्यांना समुद्रात जाणारी लांब कयाक हवी होती, पाय आत घालून बसायची. "मला फेरी मारून परत यायचं नाय," त्या म्हणाल्या. "मला जायचं हाय." सावित्री नदीच्या खाडीनं खाली, थेट समुद्रापर्यंत. गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. शाळेचा जिना चढताना त्या तीनदा थांबत, आणि डॉक्टर दर खेपेला आधी वजन, मग ऑपरेशन असं सांगत. बाईंचं म्हणणं, पाण्यात गुडघ्यांना कामच काय? बसायचं आणि हातांनी चालायचं. हातांची मला खात्री होती.

स्टाफरूममध्ये चेष्टा सुरू झाली. सावित्रीत मगरी आहेत हे महाडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गणित म्हणालं, "बाई, मगरी हायत हो." बाई म्हणाल्या, "मगर आ वासेल, विचार करील आणि परत मिटेल." पण मला त्यांनी वहीतला नकाशा दाखवला, त्यात मगरींचा वरचा टप्पा लाल पेन्सिलीनं खोडलेला होता. त्या धाडसी होत्या, वेडगळ नव्हत्या.

त्या वहीत त्यांनी खूप काही उतरवून ठेवलं होतं. कंपनीचा आकडा बुडण्याचा असतो, चालण्याचा नाही, हे मला त्यांनीच समजावलं. त्या आकड्याइतकं वजन घातलं तर होडी तरंगते, पण पाणी काठाला येतं आणि ती म्हशीसारखी डुंबत चालते. म्हणून आपलं वजन, अंगावरचे कपडे, पाणी, डबा हे सगळं धरूनही बरंच शिल्लक राहील अशी होडी बघायची. पुण्यातल्या एकानं आपली वापरलेली कयाक विकायला काढली होती. त्यानं फोनवर होडीच्या तोंडाची, म्हणजे आत शिरायच्या भोकाची, लांबी-रुंदी कळवली, आणि शाळा सुटल्यावर बाई मला चित्रकलेच्या वर्गात घेऊन गेल्या.

"हे माप जमिनीवर काढा. खऱ्याला खरं."

मी खडूनं लांबट अंडाकृती काढली. बाई बाकाला आणि माझ्या खांद्याला धरून कशाबशा खाली बसल्या आणि त्या आकृतीत पाय पसरले.

"रेघ दिसते?"

"डावीकडे दिसते."

"उजवीकडे?"

मी खडू बोटांत फिरवत राहिलो.

"चित्रकला, मी तुम्हाला माप घ्यायला बोलावलंय. लाजायला नाय."

"नाही दिसत, बाई."

त्या किंचित सरकल्या. आता दोन्हीकडे बोटभर रेघ दिसू लागली. बाईंचा चेहरा असा उजळला की मीही खडू हातात घेऊन वेड्यासारखा हसत राहिलो.

रविवारी आम्ही पुण्याला गेलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती होडी दोन स्टुलांवर ठेवलेली होती. लालभडक, काचेसारखी गुळगुळीत, निमुळती. मालक तरुण, सडपातळ. बाईंनी होडीवरून तळवा फिरवला आणि त्यांचा सगळा अभ्यास त्या क्षणी वाहून गेला. आम्ही होडी जमिनीवर ठेवली आणि बाई आत शिरल्या. तोंडातून व्यवस्थित गेल्या. पण आत बसायच्या जागेला दोन्ही बाजूंनी कडक पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांमधल्या जागेचं माप ना त्या माणसानं कळवलं होतं, ना आम्ही विचारलं होतं. बाई बसल्या ते एक 'खट्' असा आवाज येऊन, आणि नंतर त्यांना हलताच येईना.

मालकानं एक हात धरला, मी दुसरा. वॉचमन मागून होडी धरायला आला. आम्ही ओढलं की बाईंबरोबर होडी वर यायची. गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली. बाई घामानं निथळत होत्या, पण आवाज वर्गातलाच होता. "थांबा. कुणी ओढू नका. होडी आडवी करा." आम्ही होडी एका कुशीवर कलती केली. बाई पार्किंगच्या फरशीवर कोपरं रोवून इंच-इंच सरकत बाहेर आल्या, ड्रेस खांद्याला फाटला, आणि तिथंच धुळीत बसून राहिल्या.

मालक चांगल्या मनाचाच होता. म्हणाला, "मॅडम, सात-आठ किलो कमी केलेत ना, की अगदी मापात बसेल. मी ठेवतो हवी तर. सहा महिने थांबतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "नको. तुम्ही विका कुणालाही."

परतताना घाटात गाडी चहाला थांबली. बाई खाली उतरल्या नाहीत. मी चहा खिडकीतून दिला. पेला हातात धरून त्या बोलू लागल्या. बावीस वर्षांच्या असताना एक स्थळ आलं होतं. मुलगा महाडलाच नोकरीला. मुलगी पसंत आहे, म्हणाले, फक्त जरा कमी झाली तर बरं. सहा महिने थांबतो. बाईंच्या वडिलांनी त्या दिवसापासून त्यांचा भात बंद केला. डोळा चुकवून भाकरीही द्यायची नाही, अशी आईला शपथ घातली. बाईंनी अकरा किलो वजन उतरवलं. डोंगर चढता-उतरताना चक्कर यायची. आणि चौथ्याच महिन्यात कळलं, मुलाचं लग्न दुसरीकडं होऊन गेलंय. कळवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"मी कुणासाठी उपाशी राहिले, हेच मला कळलं नाय चित्रकला," बाई म्हणाल्या. "त्यानंतर मी कशासाठीही सहा महिने थांबले नाय."

मी रिकामा पेला घेऊन टपरीवर परत करायला गेलो आणि उगाचच तिथं थोडा वेळ उभा राहिलो.

पुढं दोन महिने काहीच झालं नाही. मग एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. ते बिरवाडीला राहायचे आणि ट्रक चालवायचे. बाई होडी शोधतायत हे तोवर तालुक्याला कळलं होतं. ते म्हणाले, "आमच्या मालकाकडं हाय एक लांबडी होडी. कोंबड्या बसतात तिच्यात."

हे ट्रकमालक महाडच्या खाली खाडीकाठच्या एका गावात राहत. सगळे त्यांना चाचा म्हणत. वीस वर्षं आखातात काढून आलेले, आणि देहानं बाईंच्या तोडीस तोड. आम्ही गेलो तेव्हा ते पडवीत लाकडी खुर्चीवर बसले होते, आणि अंगणात फणसाखाली दोन दगडांवर ती होडी. तिकडं असताना देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. दर शुक्रवारी नमाजानंतर ते तिच्यात बसून समुद्रावर जात. गावी परतताना सामानाबरोबर कंटेनरमध्ये घालून आणली, आणि वर्षभरात हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. तेव्हापासून कोंबड्या.

बाईंनी परवानगी मागून कोंबड्या उठवल्या. आत एक अंडं होतं, ते चाचींच्या हातात दिलं. मग ओढणी कमरेला बांधून कामाला लागल्या. मुळात होडी नारिंगी असावी, उन्हानं विटून फिकी पडली होती. बाईंनी बूड अंगठ्यानं दाबत दाबत पुढून मागं तपासलं. बसायच्या जागेखाली तडा नाही ना, ते बॅटरी लावून बघितलं. दगडांवर ठेवून ठेवून बुडाला दोन खळगे पडले होते. सामानाच्या कप्प्यांची रबरी झाकणं हातात घेताच चुरा झाली. मागच्या कप्प्यात त्यांनी दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि घड्याळ लावून अर्धा तास वाट बघितली. मधल्या पडद्याच्या कडेनं पाणी झिरपून बसायच्या जागेत आलं.

चाचा एवढा वेळ नुसते बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, होडी बघताय का सोयरीक?"

"सोयरिकीत एवढं बघत नाहीत, चाचा."

चाचा इतके हसले की चाचींनी आतून पाणी आणलं.

"खळगे उन्हात गरम झाले की सुटतील," बाई म्हणाल्या. "झाकणं नवी, पडद्याच्या फटीत भरायला लुकण. बाकी प्रकृती ठणठणीत हाय." मग त्या आत शिरल्या. यावेळी सावकाश, प्रत्येक ठिकाणी थांबत. कमरेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आपला सपाट तळवा घालून बघितला. तो गेला. पाय टेकायच्या खुंट्या होत्या तिथंच पायाला आल्या, कारण त्या चाचांच्या पायासाठी लावलेल्या होत्या. मांड्या वरच्या बाजूला हलकेच टेकत होत्या. बाई बसल्या आणि बसूनच राहिल्या. कोंबड्या परत जवळ येऊ लागल्या, तरी त्या उठेनात.

चाचांचं हसू मात्र गेलं होतं. ते म्हणाले, "बसलात. चांगलं हाय. पण निघता येतं का ते दाखवा. हितं नाय, पाण्यात. होडी उलटी करून. त्याबिगर मी होडी देणार नाय."

मी म्हटलं, "अहो चाचा, त्यांचे गुडघे..."

"मास्तर, माझा एक दोस्त होता तिकडं. आमच्यासारखाच, दणकट. दुसऱ्याच्या होडीत बसला. शिरला आरामात. लाटेनं उलटला तसा निघताच आलं नाय. आमी काढला तवर उशीर झाला होता."

मग बाईच म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते. शिरणं ही अर्धीच परीक्षा हाय."

पुढच्या रविवारी दुपारी भरती होती. त्या आठवडाभर मला नीट झोप लागली नाही. धक्क्यापाशी छातीएवढं पाणी होतं. चाचांचे दोन जवान पुतणे होडीच्या दोन बाजूंना पाण्यात उभे राहिले. बाईंच्या अंगावर चाचांचंच लाइफ जॅकेट होतं, कारण दुसरं कुठलं त्यांच्या छातीवर बंद होत नव्हतं. चष्मा त्यांनी माझ्या खिशात ठेवला. अर्धं गाव काठावर आलेलं. चाचा पायरीवर उभे होते. पुतण्यांना त्यांनी सांगितलेलं होतं, मी हात वर केला की ओढा, त्याआधी हात लावायचा नाय.

बाईंनी दीर्घ श्वास घेतला, उजवीकडे कलल्या आणि गेल्या.

वर फक्त होडीचं फिकट बूड दिसत होतं. मी मनात मोजायला लागलो. तीनला आतून ठक् ठक् ठक् असा आवाज आला. "हात मारतेय," चाचा पुटपुटले, "मंजे शुद्धीत हाय." पाच. सहा. पाणी गढूळ झालं. सातला होडी एका बाजूला हेलकावली आणि परत स्थिर झाली. माझ्या शेजारची एक म्हातारी "या अल्ला" म्हणून खाली बसली. चाचांचा हात खांद्यापर्यंत आला होता. नऊ म्हणायच्या आत पलीकडच्या अंगाला पाणी फुटलं आणि बाईंचं डोकं वर आलं. केस तोंडावर, नाकातोंडात खारं पाणी, खोकून खोकून जीव घाबरा. पुतण्या धरायला गेला तर त्याचा हात झटकून म्हणाल्या, "थांब रे!" आणि मग आमच्याकडे वळून, "चाचा, डावी मांडी जरा अडकते. परत एकदा."

त्या दुपारी बाई तीनदा उलट्या झाल्या. दुसऱ्यांदा मी सहा मोजले. तिसऱ्यांदा मी मोजायचं विसरलो. काठावरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी त्यांच्यात सामील झालो होतो. चाचा पायरीवर बसून डोळे पुसत होते. का, ते कुणी विचारलं नाही.

होडीचा व्यवहार काय ठरला, ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. होडी मात्र चाचांच्याच पडवीत राहिली. बाई दर रविवारी जात. चाचा काठावरून ओरडून शिकवत आणि चाची जाताना डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी देत. पुढच्या थंडीत, निवृत्तीनंतर महिन्याभरातच, बाई दोन दिवसांत खाडी उतरून समुद्रापर्यंत गेल्या. सोबतीला चाचांच्या एका पुतण्याचा छोटा मचवा होता. मी खाडीच्या मुखाशी, बाणकोटच्या धक्क्यावर वाट बघत होतो. त्या दीड तास उशिरा आल्या, रापलेल्या, ओठ फुटलेले. कसं झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पाठ दुखते. हात दुखतायत. गुडघे नाय दुखत."

आता गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. बाई पुण्याला भाचीकडं असतात आणि दिवाळीनंतर आठ दिवस चाचांकडं येतात. गेल्या खेपेला मी भेटायला गेलो, तर मला म्हणाल्या, "चित्रकला, किती वर्षं काठावर उभे राहणार? बसा आज."

मी बावन्न किलोचा. बसलो तर त्या होडीत मी डब्यातल्या शेंगदाण्यासारखा खुळखुळत होतो. जरा हललो की होडी एकीकडे आणि मी दुसरीकडे. पायांना खुंट्याच लागेनात. काठावर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. चाचींकडून त्यांनी दोन जुन्या गोधड्या मागून घेतल्या, घड्या घालून माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवल्या, आणि खुंट्या माझ्या पायांकडं अलीकडं ओढल्या. मग तळवा घालून दोन्हीकडची जागा बघितली, अगदी शिंपी बघतो तशी. "न बसणारी वस्तू माणसाला वेडं ठरवते," त्या पुटपुटल्या. "दोष तुमचा नाय."

दोनदा मलाही उलटं करून बाहेर यायला लावल्यावर त्यांनी गोधड्या पिळून परत बसवल्या आणि होडी पाण्यात ढकलली. मी वल्हं असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. होडी गोल गोल फिरत होती. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, नव्या गुडघ्यांवर, कशालाही न धरता.

"किती घट्ट धरलंय ते! मारतंय का कुणी? सैल सोडा!"

मी बोटं सैल केली. डावीकडे एक वल्हं मारलं, मग उजवीकडे एक. होडी फिरायची थांबली, सरळ झाली, आणि काठ हळूहळू मागं जाऊ लागला.